शेवटाकडून उसवलेलं पान

शिवणवाली अंगचोर नव्हती. शिवण केसभर वाकडी गेली तरी स्वतःच उसवायची आणि पुन्हा घालायची, गिऱ्हाइकाला कळणार नसलं तरी. रागाच्या बाबतीतही ती तशीच पक्की. लग्न होऊन आली तेव्हा तिने पुढे शिकायचं नाव काढलं, तर नणंद पाहुण्यांदेखत म्हणाली, "दादा, हिला मशीनला जुंप. पुस्तक उलटं धरायची ही!" सगळे हसले. नवराही हसला. ते हसणं तिने कधी गंजू दिलं नाही.

नणंद पुढे इंग्रजीची शिक्षिका झाली. मुलं मार्गाला लागल्यावर शिवणवालीने तिच्याच संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. परीक्षेशी तिला देणं-घेणं नव्हतं. भरल्या वर्गात नणंदेच्या तोंडून 'बरोबर' एवढा एक शब्द काढून घ्यायचा होता.

"वन्सं, मी कुठे बसू?"

"इथे बाई म्हणायचं, वहिनी."

"मग तुम्ही वहिनी का म्हणता, बाई?"

मागच्या बाकावरचा टॅक्सीवाला फिसकन हसला.

एका जुन्या, गाजलेल्या इंग्रजी लघुकादंबरीची सुरुवात घरून आपल्या शब्दांत उलगडून आणायची होती. पाचसहा वाक्यं. घरातल्या सगळ्यांना मी माफ केलं, असं एक बाई सांगते. मग कोट घालते, दिवा मालवते, बाहेर येऊन दाराला कुलूप घालते. माणसं आतच.

आठवडाभर शिवणवाली शब्दकोश घेऊन खपली. पण हाताला वळण जुनं. तयार कपडा समजून घ्यायचा तर शेवटची शिवण आधी उसवायची, मग तिच्या आधीची. पानही तिने तसंच शेवटाकडून सोडवलं आणि तसंच लिहिलं: बाईने घरच्यांना कोंडलं, राग निवला, मग माफ केलं.

नणंदेने ते मोठ्याने वाचून दाखवलं. "वहिनी, हा झगा नाही हो! सुरुवात सुरुवातीपासून वाचायची." वर्ग हसला. तेच ते हसणं.

दुसरी कोणी घरी बसली असती. हिने मशीनसमोर पान चिकटवलं आणि काम करता करता वरून खाली घोकलं. पुढच्या वर्गात न विचारता उभी राहिली.

"आधी माफी आणि मग कुलूप. माफ केलेल्या माणसाला कुणी कोंडतं का? ही बाई पहिल्याच वाक्याला खोटं बोलते. लेखक गप्प राहतो आणि तिला पकडायचं काम आपल्यावर टाकतो."

नणंदेने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "बरोबर. अगदी बरोबर."

शब्द मिळाला. शिवणवालीला वाटलं होतं, छाती हलकी होईल. झाली नाही.

नणंद बाकाजवळ आली. आवाज उतरला होता. "वहिनी, तेव्हा मी नादान होते. झालं गेलं सोडा ना आता. केलंत ना माफ?"

वर्ग कान देऊन बसला होता.

"नाही," शिवणवाली म्हणाली. "तुम्ही शिकवा, मी शिकते. तेवढंच ठेवू, बाई."

वर्षभर तिने एक वर्ग चुकवला नाही. बसायची पहिल्या बाकावर, नणंदेच्या अगदी डोळ्यांसमोर.