चिंचेनं घासलेलं चाक

अच्युतरावांचा राग इंदूरच्या सांवेर रोडवर सगळ्यांच्या ओळखीचा होता. मोटारसायकलच्या चाकांना रंग चढवणाऱ्या एका कारखान्यात ते तीस वर्षं तपासनीस. रंग उडाला, चमक गेली म्हणून शोरूमकडून परत आलेलं चाक त्यांच्या टेबलावर यायचं आणि दोष कारखान्याचा की गिऱ्हाइकाचा, हे ते ठरवायचे. कारखान्याचा असेल तर नवं चाक फुकट. गिऱ्हाइकाचा असेल तर अच्युतरावांची जीभ.

त्यांना राग यायला कारणही होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोक चेनवर वंगण ओततात, जास्तीचं पुसत नाहीत, मग गाडी पळाली की ते सगळं मागच्या चाकावर उडतं. त्यावर धूळ बसून काळा चिकटा होतो. आणि तो काढायला लोक काय काय वापरतात! तारेची घासणी. संडासाचं अ‍ॅसिड. एका महाभागानं तर पत्र्याच्या तुकड्यानं खरवडलं होतं. असं चाक दिसलं की अच्युतराव जे सुरू व्हायचे ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबायचे नाहीत.

त्यांचा एक नेम होता. गिऱ्हाइकाचं नाव आधी वाचायचं नाही. नावाची चिठ्ठी उलटी ठेवायची, चाक पाहायचं, निकाल द्यायचा, सही करायची आणि मगच नाव. साहेबांच्या मेव्हण्याचं चाकसुद्धा याच नेमानं परत गेलं होतं.

दसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी, चमक आपोआप गेली अशा तक्रारीसह एक चाक आलं. काळं, मधे चकचकीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. अर्ध्या भागावर वंगणाचा थर तसाच होता. उरलेल्या अर्ध्यावर काळ्या रंगाला बारीक ओरखडे आणि पट्ट्यांवर पांढुरके डाग. अच्युतरावांनी भिंग लावलं. खाचांमध्ये राख होती आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी चिंचेची शीर अडकलेली.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खंडेनवमीला गाडी धुवावी, पुजावी, कुणाची ना नाही. पण देवाच्या समया घासतात तसं चाक चिंच-राखेनं घासायचं?

"शर्वरी, लिही!" शेजारी कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीवर ते गरजले. "म्हणे, चमक आपोआप गेली! वर खोटं बोलतात! लिही, गिऱ्हाइकाचा निव्वळ मूर्खपणा. क्लेम नामंजूर."

"मूर्खपणा नको ना, अच्युतजी. मेल सीधा शोरूमला जातो."

"लिही म्हटलं ना!"

त्यांनी सही ठोकली आणि चिठ्ठी सुलटी केली. गाडी संहिताच्या नावावर होती, म्हणजे त्यांच्या मुलीच्या. ती नोकरीला बंगलोरला, गाडी इथे घरी. तक्रार करणाऱ्याच्या जागी प्रमोदिनी, म्हणजे त्यांची बायको. संहिता दिवाळीला यायच्या आत गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे, असं त्या चार दिवसांपूर्वी म्हणाल्या होत्या.

शर्वरीनं चिठ्ठी वाचली. "मेल अजून गेला नाहीये," ती हळूच म्हणाली. "बदलून टाकू? एक चाक की तो बात है, किसी को पता भी नहीं चलेगा."

नवं चाक आलं असतं. बायकोची लबाडी झाकली गेली असती आणि मुलीला काही कळलंही नसतं. अच्युतरावांनी चिठ्ठीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"पाठव," ते गुरगुरले. "मूर्खपणासकट."

संध्याकाळी चाक स्कूटरला बांधून ते परदेशीपुऱ्यात घरी आले. अंगणात गोणपाट पसरून त्यांनी ते अलगद ठेवलं. राग बायकोवर होता, चाकावर नव्हता.

"तीस वर्षं!" ते ओरडले. "तीस वर्षं मी जगाला कानीकपाळी ओरडून सांगतोय, आणि माझ्याच घरात चिंच? मला विचारता येत नव्हतं?"

"विचारलं होतं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"कधी?"

"नवमीच्या सकाळी. संहिताच्या चाकाचा चिकटा कशानं निघेल, म्हटलं. तुम्ही म्हणालात, इतकंही कळत नाही? आणि पेपरात डोकं घातलंत. उत्तर काही दिलं नाहीत."

अच्युतरावांना ते आठवलं आणि त्यामुळे त्यांचा राग आणखी भडकला. घरातून रॉकेलची बाटली आणि जुन्या धोतराचं फडकं आणून ते तणतणतच चाकापाशी बसले.

"बघ! रॉकेल चाकावर ओतायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. चाक गार पाहिजे. टायरला लागू द्यायचं नाही, ब्रेकला तर मुळीच नाही. दाबायचं नाही. थर मऊ झाला की पुसायचा, फडक्याची बाजू बदलायची. मग साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं." वंगणाखालून वीतभर काळा रंग निघाला, कोरा करकरीत.

"आणि चिंच का नाही?"

"अक्कल..." त्यांनी सुरुवात केली. प्रमोदिनीबाई नुसत्या बघत राहिल्या. अच्युतरावांनी शब्द बदलले. "चिंच आंबट. आंबट ॲल्युमिनियमला खातं. राखेनं रंगावर ओरखडे येतात."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढंच!" प्रमोदिनीबाईंचा आवाज असा चढला की शेजारचे बाबूराव दारात आले. "दोन मिनिटं लागली तुम्हाला! अख्ख्या इंदूरला मूर्ख ठरवलंत, पण ही दोन मिनिटं कुणाला दिलीत? चौथीच्या पोरांना खरं बोला म्हणून शिकवते मी, आणि चाक तिथूनच परस्पर बदलून मिळेल म्हणून शोरूमच्या काउंटरवर उभी राहून खोटं बोलले. चाकाच्या नाही, तुमच्या भीतीनं! संहिताला मी सगळं सांगणार आहे. जसं झालं तसं."

त्यांनी नवऱ्याच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि चाकापाशी बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलका होता. थर मऊ होऊ देत होत्या, पुसत होत्या, फडक्याची बाजू बदलत होत्या. अच्युतराव बघत होते. कुठेही चूक नव्हती. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण कसं सांगतात तेच त्यांना येईना.