वीतभर आधीच थांबणारे ठोसे

टायरच्या दुकानामागच्या हॉलमध्ये सर नवशिक्यांना बॉक्सिंग शिकवायचे. त्यांची उभी हयात बसडेपोत इंजिनं उघडण्यात गेली. तरुणपणी डेपोच्या संघातून खेळले होते, म्हणून निवृत्त झाल्यावर हा वर्ग काढला. देवानं धडधाकट ठेवलंय तोवर चार जणांना शिकवावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

शिकवण्याची रीत ठरलेली. आधी पाय, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, शिकवताना ते माणसाला भिंतीला खेटून उभं करत. कोपर बाहेर गेलं की भिंतीवर आपटलंच.

"भिंत माझ्यापेक्षा बरं शिकवते, आणि बडबडतही नाही," सर म्हणत.

"आणि घडीघडी चहाही मागत नाही," दाराशी हाताला गुंडाळायच्या पट्ट्या वाळत घालणाऱ्या काकू म्हणत. काकू म्हणजे सरांची बायको.

हल्ली मात्र सरांच्या डोक्यात एक किडा शिरला होता. ते हातात ठोसे झेलायचे गादीदार पॅड चढवून उभे राहिले की समोरच्याचा ठोसा वीतभर आधीच मंदावायचा. जिथं पॅडवर फाडकन आवाज व्हायला हवा, तिथं उशी थोपटल्यासारखा व्हायचा. औषधाच्या दुकानात काम करणारी चष्मेवाली तशीच मारायची, सामानाची गाडी चालवणारा लांबूही तसाच. नवशिक्यांच्या चुका कशा, ज्याच्या त्याच्या वेगळ्या. कुणी टाच उचलतो, कुणी डोळे मिटतो. सगळे एकच चूक करायला लागले, म्हणजे ती कुणीतरी शिकवलेली असणार.

कुणी, तेही सरांना ठाऊक होतं. त्यांचाच एक जुना चेला. बाजारापलीकडे त्यानं आरशांची चकचकीत जिम काढली होती. तिथं ठोसा लागला नाही तरी चालतो, फोटोत छान दिसला म्हणजे झालं. माझीच माणसं चोरून तिकडं जातात, सरांनी मनाशी पक्कं केलं.

"काल संध्याकाळी कुठं होतीस?" त्यांनी चष्मेवालीला हटकलं.

"दुकानात, सर."

"आणि तू?"

"गाडीवर," लांबू जमिनीकडे बघत म्हणाला.

सर आत आले की कुजबुज थांबायची. एकदा तर ते बाजारापलीकडे जाऊन केळीवाल्याच्या आडोशाला उभे राहिले. ओळखीचं कुणी दिसलं नाही. तेव्हा त्यांना वाटलं, मागचं दार असणार. घरी विषय काढला तर काकूंनी नजर चुकवली. चेला तिला आई म्हणतो, हे आठवून सरांनी ताट बाजूला सारलं. ही पण फितूर?

रविवारी चष्मेवालीची पहिली लढत होती. रिंगणात हात असा अर्ध्यावर राहिला, तर आपला ठोसा लागणार नाही आणि तोंड मात्र उघडं पडणार. पोरीचं नाकच फुटायचं. सरांना आता थांबणं शक्य नव्हतं.

"बॅगेला मार," त्यांनी छताला टांगलेल्या बॅगेकडे बोट दाखवून फर्मावलं.

तिनं मारलं. बॅगेची साखळी खणखणली.

"लांबू, पॅड धर."

फाडकन आवाज झाला. "मेलो!" लांबू हात झटकत म्हणाला.

मग सरांनी स्वतः पॅड चढवले. पुन्हा तीच उशी.

त्यांनी हात खाली घेतले. "म्हणजे हात चांगला आहे. माझ्यापुढंच आखडतो. कुणी सांगितलं? त्या आरशेवाल्यानं?"

 सगळ्यांची नजर दाराकडे गेली.

"त्याला कशाला शिव्या देता," काकू म्हणाल्या. "मी सांगितलं."

"तू?"

"खांदा गेलाय तुमचा. शर्ट चढवताना भिंतीकडं तोंड करून दातओठ खाता, मला काय दिसत नाही? म्हटलं, हा माणूस पॅड तर सोडायचा नाही. मग यांनाच हातापाया पडून सांगितलं, सरांना हळू मारा रे."

"अगं, पण पोरीची सवय बिघडली! रविवारी समोरची काय हिला हळू मारणार आहे?"

काकूंचा चेहरा उतरला. "ते नाही आलं माझ्या डोक्यात, देवाशपथ."

 मग त्यांनी एका पॅडचा पट्टा दातांनी ओढून सोडला, दुसराही काढला आणि दोन्ही लांबूच्या हातात कोंबले.

"छातीपासून लांब धर. ठोसा आला की पॅड जरासा पुढं ने, नाहीतर मनगट मुडपेल."

चष्मेवालीनं मारलं. सर बाजूलाच उभे होते, त्यामुळे हात पुन्हा कचरला.

"माझ्याकडं काय बघतेस? मला लागणार नाहीये आता."

तिनं चष्म्याची दोरी घट्ट केली आणि मारलं. आवाजानं दुकानातला टायरवालाही डोकावला.

सर मात्र अजून काकूंकडेच रोखून बघत होते. "आणखी काय काय लपवलंयस?"

"सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. बास, एवढंच."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर आला असतात?"

 सर चष्मेवालीकडे वळले. "पुन्हा मार. आणि हात पूर्ण गेल्याशिवाय मागं घेऊ नकोस."