एकतीस सह्या आणि एक हात

तारीख पंचवीस जानेवारी, सकाळचे अकरा. महिला ग्रामसभा. हजर: मी (वॉर्ड दोनची सदस्य), सासूबाई, शेजारीण मंदा आणि गावातल्या आणखी अठ्ठावीस जणी. शिवाय आमचे हे आणि त्यांचे चार मित्र, 'नुसतं आयकाले' आलेले.

विषय एकच होता: बसथांब्यावर बायकांसाठी शौचालय. कारंज्याची बस तासभर उशिरा येते आणि तो तास आम्ही पाणी न पिता काढतो. ठराव या सभेत करायचाच, म्हणून मी आठ दिवस आधी यादी केली. सतरंजी कोण, रांगोळी कोण, पोहे, चहा, कपबशा, पोरं सांभाळणं. एकही धडधाकट बाई रिकामी ठेवली नाही! (याचा मला फार अभिमान होता.)

ग्रामपंचायतीच्या दारातच सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि जी ती आपल्या कामाला लागली. मी मागच्या पडवीत पोह्यांचं मीठ बघत होते, तेवढ्यात आतून टाळ्या ऐकू आल्या. मंदा ट्रे घेऊन धावत आली.

"ताई, ठराव झाला म्हनते."

"कोनता? मी तं अठीच हाओ!"

"चौकात बसाले बाकडे. भाऊजींनं मांडला."

मी उलथनं हातात घेऊनच आत शिरले. सतरंजीवर हे, चार मित्र आणि कोपऱ्यात सासूबाई. (गुडघ्यांमुळे त्यांना एकटीलाच काम दिलं नव्हतं.) ग्रामसेवक लिहीत होते, "उपस्थित महिलांनी हात वर करून, एकमताने..."

"कोणत्या महिलांनी?"

त्यांनी पेनानं सासूबाईंकडे दाखवलं.

"आई, तुमी काहून हात वर केला?"

"मले चहा पाह्यजे होता. घंटाभरापासून कोनी इकडं पाहूनच नाही राह्यलं."

हे शांतपणे म्हणाले, "तूच तं कोनाले बसू देलं नाही. आमी बसलो, थे चुकलं काय?"

बायकांच्या जागा पुरुष बळकावतात, हे भाषण मी निवडणुकीत घरोघरी केलं होतं. इथं तर मीच त्या यादी करून रिकाम्या करून दिल्या होत्या!

विषय पुढच्या सभेत पुन्हा घेता येईल, असं ग्रामसेवक म्हणाले. तोवर बसथांब्यावर आमचं पाणी पिणं बंदच.

पुढच्या सभेची यादी तयार आहे. बसणे: एकतीस नावं. हात वर करणे: तीच एकतीस. पोहे आणि चहा: आमचे हे. एकतीस जणींना कळवून झालं, नावांपुढे खुणाही झाल्या.

यांना सांगायचं तेवढं राहिलंय.