हेन्री मिलरची लेकरं

मंडळाच्या अंकात छापायला अख्ख्या अमेरिकेत माझीच फजिती सापडली का तुम्हाला? रोज सकाळी चहाबरोबर सुनबाईचं तेच टुमणं. "बाबा, तो टी-शर्टचा किस्सा लिहून द्या ना, लोक खूप हसतील." हसतील! साठ माणसं एकदा पोट धरून हसून झाली, अजून किती हसवायची? पण नाही म्हटलं की चहात साखर कमी पडायला लागते. म्हणून लिहितो. चौथी नापास माणसाचं लिहिणं आहे. काना-मात्रा चुकला तर गप वाचायचं.

दोन हजार पाचचा उन्हाळा. आम्ही नेपरव्हिलला, लेकाकडं. लेक सुधीर सकाळी सातच्या गाडीनं शिकागोला जाणार, तो संध्याकाळी सातला उगवणार. मी दिवसभर काय करू? काचेतून गवत बघू? हे लोक गवत वाढवतात, कापतात आणि पिशवीत भरून टाकून देतात! गल्लीत एक म्हैस नाही हो!

शेजारी डोरोथीबाई. पंचाहत्तरीच्या, एकट्या. त्यांची टोमॅटोची रोपं भुईवर लोळत होती. मला बघवेना. एक दिवस न विचारता गेलो आणि काठ्या रोवून सगळी बांधून दिली. तिथून दोस्ती. मला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी. मधे दुभाषी माझी नात ईशा, वय वर्षं नऊ. मराठी समजतं सगळं, बोलते मात्र इंग्रजीत.

एकदा बाईंनी जेवणाच्या टेबलावर कागदांचा ढीग मांडला. त्यांचा पणजोबा जेकब. पेन्सिल्व्हेनियातून बैलगाडीत संसार घालून, ओहायोवरून महिनोन् महिने चालत इलिनॉयला आला. पुरुषभर उंचीचं गवत मोडून त्यानं इथली जमीन पहिल्यांदा नांगरली. ऐकून मी खूश! म्हटलं, चला, या देशात कुणीतरी कामाचा माणूस होऊन गेला.

पण जेकबचा बाप कोण, ते काही सापडत नव्हतं. सात वर्षं बाई लायब्ऱ्या पालथ्या घालत होत्या. ऑगस्टमध्ये सगळ्या मिलर घराण्याचा मेळावा. त्यांचे थोरले भाऊ वॉल्टर, शहाऐंशी वर्षांचे, तब्येत तोळामासा. त्यांच्यासमोर बापाचं नाव जाहीर करून त्यांना चकित करायचं, एवढी एकच इच्छा.

मी कागद हातात घेतला. एकेक अक्षर लावत वाचलं. जेकब. हेन्री. मिलर.

सात वर्षं! आणि बापाचं नाव मधेच लिहिलेलं!

"ईशा, बाईंना सांग, बापाचं नाव हेन्री. पोराचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. आमच्या गावचं शेंबडं पोरही सांगेल!"

ईशा काहीतरी बोलली. बाईंचे डोळे मोठे झाले.

"काय सांगितलंस?"

"आजोबा सेज हिज डॅड वॉज हेन्री. ही इज शुअर."

"आणि का, ते?"

"दॅट वॉज टू लाँग, आजोबा."

"मग त्या काय विचारतायत?"

"हाऊ डू यू नो. आय सेड, ही इज अ फार्मर टू."

बाईंनी मान डोलावली. शेतकऱ्याला शेतकऱ्याचं कळतं, असं त्यांना वाटलं असेल. मला तर वाटलंच होतं!

झालं. बाई दुसऱ्याच दिवशी लायब्रीत. आणि सापडला की हो! पेन्सिल्व्हेनियात एक हेन्री मिलर, शेतकरी, मुलाचं नाव जेकब. आता मिलर म्हणजे तिकडचे पाटील. दगड मारला तर मिलरला लागायचा. पण हे मला कोण सांगणार?

आठवड्याभरात बाई रडत आल्या. जुन्या कागदांत निघालं की हेन्री डुकरं चोरताना पकडला गेला होता! दोन दिवस कोठडी!

मी धीर दिला. "त्यात काय बाई! माझा चुलत आजा बैल चोरायचा. कर्तबगार माणूस होता." ईशानं हे मात्र शब्दन् शब्द सांगितलं. बाईंनी डोळे पुसले आणि टी-शर्ट छापायला टाकले. साठ. लाल. छातीवर 'हेन्री मिलरची लेकरं' इंग्रजीत, आणि खाली एक डुक्कर.

मेळावा बागेत. जिकडं बघावं तिकडं लाल शर्ट. केकवर हेन्रीचं नाव. कणसांचा डोंगर. एकटे वॉल्टरआजोबा झाडाखाली खुर्चीत, छातीवरचं डुक्कर चिमटीत धरून बघत बसलेले. आम्हीही सहकुटुंब, मी पाहुण्यांच्या रांगेत पहिला! बाईंनी मला पुढं बोलावलं. सांगा म्हणाल्या, सगळ्यांना, कसं ओळखलंत.

मी घसा खाकरला. सगळं समजावून सांगितलं. पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव. ईशानं या खेपेला पूर्ण सांगितलं. कार्टीला नेमका आजच उत्साह!



मग मागून एक दांडगा पुतण्या ओरडला. ईशानं मला सांगितलं, तो विचारतोय, "डोरोथी अ‍ॅन, म्हणजे तुझ्या वडिलांचं नाव अ‍ॅन होतं का?"

काय हशा! माणसं गवतावर लोळली. मला आला राग. मी म्हटलं, "हसता काय? तुम्ही लोक बापाला विसरत असाल, आमच्यात चालत नाही! ही माझी नात. इथंच जन्मली. हिलाच विचारा! सांग गं यांना, तुझं मधलं नाव काय?"

"रोझ."

"काय?"

"रोझ, आजोबा. ईशा रोझ शिंदे. इट्स ऑन माय पासपोर्ट."

मी वळून सुधीरकडं बघितलं. साहेब कणसाआड तोंड लपवत होते.

हशाचं विचारूच नका. पण डोरोथीबाई हसत नव्हत्या. केकसमोर उभ्या होत्या, हातात सुरी तशीच. सात वर्षांची मेहनत माझ्या एका शब्दानं भलत्याच गावाला नेऊन सोडली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात झाडाखाली काठी आपटली. वॉल्टरआजोबा.

"आपल्या घराण्यात कुणी डुक्कर चोरलेलं नाही!" म्हातारा कडाडला. ईशा माझ्या कानाशी सांगत होती. "हेन्री शेजारी होता. बाप्तिस्म्याला त्यानं पोराला मांडीवर घेतलं, म्हणून त्याचं नाव मधे घातलं. बापाचं नाव अ‍ॅडम. वाटेत ओहायोत तापानं गेला. जेकब सोळाचा होता. त्यानं बापाला तिथंच एका ओकच्या झाडाखाली पुरलं आणि गाडी पुढं हाकली. माझ्या आजोबांनी गाय पिळताना सांगितलंय मला!"

बाई म्हणाल्या, "वॉल्टर, सात वर्षं बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

कशी विचारणार? त्यालाच तर चकित करायचं होतं!

मग बाई हसल्या. हसता हसता रडल्या, भावाच्या गळ्यात पडल्या. सुरीनं केकवरचा हेन्री खरवडून काढला, बोटानं अ‍ॅडम लिहिलं आणि पहिला तुकडा मला भरवला. म्हणाल्या, तुम्ही चुकला नसता तर हा थेरडा बोललाच नसता. वॉल्टरआजोबांनी माझा हात हातात घेऊन इतका हलवला की खांदा दोन दिवस ठणकत होता. तिथली सगळी माणसं मला खूश होऊन निरोप देऊन गेली.

पण घरचं काय? गाडीत बसल्या बसल्या मी तोंड उघडलं.

"नऊ वर्षं लपवलंस?"

"बाबा, हॉस्पिटलमध्ये फॉर्म भरताना हिला ते नाव आवडलं. तुम्ही ओरडाल म्हणून नाही सांगितलं."

"मग आता ओरडू का?"

"आता काय उपयोग? तुम्ही साठ लोकांसमोर स्वतःच साक्षीदार उभा केलात!"

आणि सुनेसकट सगळी गाडी हसली.

तर मंडळी, मिलरांशी माझं काही देणंघेणं बाकी राहिलेलं नाही. माफी मागायची राहिली आहे ती एकाच माणसानं. पूर्ण नाव छापा, गाळू नका. सुधीर ज्ञानदेव शिंदे. आणि त्यातला मधला गाढव मीच.