धाकट्याच्या तासाला बाहेर उभे राहणारे

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे स्पीकरांना खोळी चढवणं. रविवारची सकाळ होती, कडक थंडी होती. जुन्या गोधड्या फाडून खोळी तीच शिवायची, कारण टेम्पोत स्पीकर एकमेकांवर आपटले की त्यांचे कोपरे जातात. मी स्पीकर कलता धरायचा, ती खालून खोळ ओढायची, मग दोघं दोन बाजूंनी नाड्या बांधायचो. त्या दिवशी तिची गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. म्हणाली, "बोटं गार पडलीत हो." मी म्हटलं, "मग उन्हात जाऊन बस, इथं काय करतेस?" मी असाच बोलतो. तिला सवय होती.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ग्वाल्हेरात लग्नाकार्याला लाऊडस्पीकर लावण्यात जन्म गेला. आता जयेंद्रगंजातलं दुकान माझी दोन मुलं चालवतात आणि दोघांना एकच वेड, हाऊस म्युझिक. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. ढोलाचा एक ठोका, सारख्या अंतरानं, न थांबता, तासन्तास. बाकी सगळं त्याच्यावर चढवतात. थोरल्याला जुनं लागतं, तो शाळेत होता त्या वेळचं, परदेशातलं. त्यात पियानो असतो, एखादी बाई जीव तोडून गाते. धाकट्याला आजचं लागतं. त्यात गाणारं बहुतेक कोणी नसतं, खालून एक आवाज घुमत राहतो आणि छातीतली हाडं हलतात. मला विचाराल तर दोन्हींनी डोकं दुखतं. तिचं दुखायचं नाही. ती भाजी निवडताना दोन्ही ऐकायची आणि दोघांनाही "बरं आहे" म्हणायची.

ह्या गाण्याची बरीच माणसं आहेत गावात, आणि त्यांच्यात सरळ दोन तट आहेत. जुनी मंडळी म्हणजे बँकेतले, शाळेतले, पांढरे केस फुटलेले. नवी म्हणजे कॉलेजातली पोरं. महिन्यातून एका रविवारी थाटीपुरातल्या एका हॉलमध्ये सगळे जमतात, तेही दुपारीच. आजूबाजूला सरकारी क्वार्टर आहेत, अंधार पडल्यावर वाजवलं की लोक भांडायला येतात. थोरला वाजवतो तेव्हा पोरं भिंतीला टेकून मोबाईल बघतात. धाकट्याचा तास सुरू झाला की जुनी मंडळी उठून बाहेर चहाच्या टपरीवर जातात, आणि तो तास संपेपर्यंत आत पाय ठेवत नाहीत. थंडी असो, उन्हाळ्याची लू असो, बाहेरच.

त्या सकाळी खोळी बांधता बांधता दोघा भावांची जुंपली. शेवटचा तास कोणाचा, ह्यावरून. शेवटच्या तासाला हॉल भरलेला असतो.

थोरला म्हणाला, "तुझ्या वाजवण्यात माणूसच नाही रे. पाणी उपसायची मोटार लावल्यासारखं वाटतं."

धाकटा बोलता बोलता हिंदीत जातो. "दादा, तुझी ती बाई तीस वर्षं तेच रडतेय. अब तो चुप करा दो बेचारी को."

"तिला चुप केलंस तर तुम्ही सूर चोरणार कोणाकडून?"

मी ओरडणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "आज थोरल्यानं आधी वाजवायचं, धाकट्यानं शेवटी. पुढच्या महिन्यात उलट. आणि पोहे खा, गार झाले."

"आई, तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस," थोरला म्हणाला.

"मी पोह्यांची बाजू घेतेय."

दोघं पोहे खाऊन टेम्पो घेऊन गेले. जाताना एकानं एक दार आपटलं, दुसऱ्यानं दुसरं. मला ह्याच गोष्टीची धास्ती असायची. दोघांची लग्नं झालेली नाहीत, एका दुकानात, एका घरात राहतात, आणि मधे फक्त ही. ही नसली तर हे दोघं कसे राहतील?

दुपारी ती जेवायला बसली आणि ताट सरकवलं. म्हणाली, गॅस झालाय. ओवा खाल्ला. मग डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणाली. एवढ्या थंडीत तिच्या कपाळावर घाम पाहिला. रिक्षा बोलावली, कंपू भागातल्या दवाखान्यात नेलं. रिक्षात ती एकच म्हणत होती, "पोरांना सांगू नका हं. कार्यक्रम होऊ दे. लोक वाट बघत असतात."

नर्स मला बघून म्हणाली, "बाबा, घरवाले कहाँ हैं इनके?"

मी म्हटलं, "मैं ही हूँ घरवाला. मेरे को बताओ."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. अटॅक मोठा आहे, मुलं असतील तर बोलवा, म्हणाले. एवढंच. मी व्हरांड्यात जाऊन थोरल्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. धाकट्याला लावला. तेच. मग मला आठवलं. साऊंड सुरू असताना दोघांचे फोन टेम्पोत, वायरींच्या पेटीत बंद असतात. मोबाईल मशीनजवळ राहिला की स्पीकरात खरखर येते, म्हणून आमच्या धंद्यात मी घालून दिलेली शिस्त. बाकी सगळी शिस्त पोरांनी मोडली, ही तेवढी पाळली.

पुन्हा लावला. पुन्हा. स्वतः थाटीपुरला जावं तर इकडे ती एकटी. न जावं तर तिची नि पोरांची भेट चुकेल. हॉलवाल्याचा नंबर माझ्याकडे नाही. व्हरांड्यात मी नुसता इकडून तिकडे फिरत होतो, लोक वाट सोडत होते.

आत गेलो तर तिनं तोंडावरूनच ओळखलं. नळ्या लावलेल्या. हळू म्हणाली, "उचलत नाहीत ना? पेटीत असतील."

"हो."

"धाकट्याचा तास लागला असेल आता. माझ्या फोनवरून मास्तरीणबाईंना लावा. त्या बाहेर असतील."

मास्तरीणबाई म्हणजे जुन्या मंडळीतल्या सगळ्यात कडक. दर महिन्याला थोरल्याच्या तासाला समोर उभ्या राहतात, आणि हिच्याकडून लोणचं घेऊन जातात. मी नंबर शोधला. दुसऱ्या घंटीला उचलला.

"काकू, बोला!" मागे कपबशांचा आवाज, हसणं, आणि लांबून तो ठोका.

"काकू नाही, काका बोलतोय. काकू दवाखान्यात आहे, कंपूला. दोघांना बाहेर काढा."

"अगंबाई. थोरले चिरंजीव इथंच चहा घेतायत. धाकटे आत आहेत, मी त्यांना..."

"तुम्ही त्याच्या तासाला आत जात नाही, माहीत आहे मला. आज जा."

त्यांनी फोन बंद केला नाही. मी कानाला लावून उभा. ठोका मोठा मोठा होत गेला, दार ढकलल्यावर तर कानात मावेना. मग एकदम बंद झाला. मी इतकी वर्षं पोरांचं वाजवणं ऐकतो, पण तो ठोका असा मधेच तुटलेला कधी ऐकला नव्हता. पोरं ओरडली, "क्या हुआ, क्या हुआ?" आणि त्यापुढे काही कळेना.

थाटीपुर गावाच्या त्या टोकाला. मधे सगळं शहर, रविवारचा बाजार. मी फाटकाशी जायचो, परत तिच्याशी यायचो. तिनं विचारलं, "निघाले का?" मी म्हटलं, "आलेच." खरं तर मला काही ठाऊक नव्हतं. एकदा ती डोळे मिटून राहिली तेव्हा मी तिला हलवलं. ती म्हणाली, "झोपू द्या की."

आले. कोणा कॉलेजच्या पोराच्या मोटरसायकलवर दोघं मागे बसून आले होते. सामान सगळं तिकडेच टाकून.

तिनं दोघांकडे बघितलं. "कोणाचा तास मोडला?"

"माझा," धाकटा म्हणाला.

"मग पुढच्या महिन्यात शेवटचा पुन्हा तुझाच."

"हो आई, त्यालाच देऊ," थोरला लगेच म्हणाला.

तिनं भुवया वर केल्या. "इतक्या लवकर हो म्हणालास? मी मरतेय की काय?"

धाकट्याला हसू आलं आणि तिथंच तो रडला. मग तिला आतल्या खोलीत नेलं. दिवेलागणीला ती गेली. आम्ही तिघं काचेच्या दाराबाहेर उभे होतो.

सकाळी घरासमोर गल्ली भरली. नातेवाईक होतेच, पण दोन्ही तटांची माणसंही आली होती. टेम्पो त्यांनीच आणला. मास्तरीणबाई आणि कानात बाळी घातलेला एक पोरगा मिळून स्पीकर उतरवत होते, आणि पोरगा म्हणत होता, "मॅडम, आप छोड़ो, भारी है."

गुरुजींनी विचारलं, अग्नी कोण देणार? आईला धाकटा देतो, अशी आमच्यात रीत. धाकटा म्हणाला, "दादानं द्यावा." थोरला म्हणाला, "नाही, तू दे. हक्क तुझा." "नाही, तू." दोघं खाली बघून बोलत होते, परक्या माणसाशी बोलावं तसे, नीट, हळू. ते भांडत होते तेव्हा मला इतकी भीती वाटली नव्हती. भांडायलाही काही उरलं नाही म्हणजे मग हे दोघं वेगळे होणार.

मी पुढे झालो. म्हटलं, "माझी बायको आहे. मी देईन. तुम्ही दोघं पुढचा खांदा घ्या, एक डावा, एक उजवा."

गुरुजी म्हणाले, "काका, वय झालंय तुमचं, चालवेल का?"

मी विस्तवाचं मडकं दोरीला धरून उचललं. मागे तिरडी उचलताना थोरला धाकट्याला म्हणाला, "अरे खाली का धरलंस, वर घे, तिरकं होतंय." धाकटा म्हणाला, "तू लंबा है तो मैं क्या करूँ, तूच वाक." मी मागे वळून बघितलं नाही. चालायला लागलो.