आठ सोमवार आणि न तुटणारी संख्या

उपास सुटला की साबुदाणा संपतो, किस्से मात्र उरतात. घुग्घुसच्या आमच्या गल्लीतल्या सोमवारवाल्या पाच जणींकडे तर ढीगच आहे!

आमच्यातली मंदाबाई अंगणवाडीत मदतनीस. दहावीच्या गणितात दोनदा नापास. चाळिशीत तिसऱ्यांदा फॉर्म भरला. शिकवायला निवृत्त शिक्षिका कुंदाताई. त्यांनी एक संख्या दिली: ७३९३९१३३. "हिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. मूळ संख्या. शेवटचा आकडा पुसा, उरलेलीही मूळच. पुसत जा, थेट सातापर्यंत!"

आठ आकडे, आणि पेपरला सोमवार उरले आठ. मी लगेच हात जोडले. संकल्पच झाला! मंदाबाईच्या दारात दर सोमवारी रांगोळीने संख्या काढायची आणि एकेक आकडा कमी करायचा.

*

पहिल्याच दिवशी आमचे हे शिफ्टवरून आले, गाडी थांबवून रांगोळी वाचली.

"कोणाचा मोबाईल नंबर हाय? दोन आकडे कमी हायेत ना बाप्पा!"

*

मी महादेवाच्या देवळात एक्कावन्न बेलाची पानं नेली. वर एक लावला की आकडा तुटत नाही, असं मी लहानपणापासून धरून चाललेले.

कुंदाताईंनी तीन ढीग केले. सतरा, सतरा, सतरा.

मी घाबरून पिंडीकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "त्यांना आधीपासून ठाऊक होतं. तुम्हालाच आज कळलं!"

*

मंदाबाईच्या सासूबाईंना हे शिकणं पसंत नव्हतं. "या वयात शाळा? पोट्टे हासतीन!" तरी दुसऱ्या सोमवारी आम्ही पुसायचा मान त्यांनाच दिला. पुसायचा होता शेवटचा, उजवीकडचा आकडा. पण रांगोळी रस्त्यावरून वाचायची आणि म्हातारी उंबऱ्यात, बाहेर तोंड करून. त्यांच्या उजव्या हाताला आला सात. पुसला!

आम्ही ओरडलो, "तो नाही, दुसऱ्या टोकाचा!" सासूबाईंचा चेहरा उतरला. "माह्या हातानं तुहं व्रत मोडलं का वं?"

मंदाबाई पाटी घेऊन पायरीवर बसली. दोनने नाही, तीनने नाही, पाचने नाही. सातने दोन उरले. मग एकदम ओरडली, "अकरानं गेला! आई, अकरानं गेला! मोडलं कुठी? मले भागाकार आला!"

सात परत काढला, उजवीकडचा तीन पुसला आणि व्रत पुढे चालू.

*

निकालाच्या दिवशी मोबाईलवर दिसलं: गणित, त्रेपन्न. पास!

सासूबाई म्हणाल्या, "मोबाईल खोटंबी सांगते," आणि आत गेल्या.

तासाभराने मी पेढे घेऊन गेले, तर म्हातारी ओसरीवर चिंचोके मांडून बसलेली. अक्षरओळख नाही, पण मोजून त्रेपन्न. मंदाबाई दारात उभी.

"दोन-दोनचे केले, तीन-तीनचे केले, सहा-सहाचेबी केले. दरवेळी उरतेच!" चिंचोके पदरात भरत त्या सुनेला म्हणाल्या, "पास हाय तू. म्या सोता पाह्यलं."