ताईचा कंट्रोलर

आम्हा भावंडांच्या जुन्या गेम कन्सोलवर मी लिनक्स चढवलं आणि त्याचा चक्क संगणक केला. टीव्हीच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावल्या, शेवटी नाव विचारणारी ओळ लुकलुकू लागली, तेव्हा मला कोण आनंद झाला! भाऊबीजेला आलेल्या ताईला मी हौसेने ते दाखवायला बसवलं.

ती सवयीने जमिनीवर, डाव्या बाजूला बसली. तिच्या कंट्रोलरची गुंडाळलेली वायर सोडून तिने बटण दाबलं. काहीच झालं नाही.

“आता कीबोर्ड लागतो, ताई. आणि आधी नाव टाकावं लागतं.”

तिने एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं. पडद्याने पासवर्ड विचारला, मग प्रवेश नाकारला.

“अरे, हा तर मला ओळखतच नाही!” ती हसली.

मला हसता येईना. खातं मी माझ्या एकट्याचंच उघडलं होतं. सकाळी स्वयंपाकघरात तिने “गाळणं कुठे ठेवता आता?” म्हणून विचारलं होतं, तेही आठवलं. आपण हौसेने सगळं नवं करतो आणि ज्यांचा हात तिथे न बघता पोचायचा, त्यांना पाहुणं करून ठेवतो.

“थांब, तुझंही खातं उघडतो. मिनिटाचं काम आहे,” मी घाईने म्हणालो आणि ते मिनिट माझं मलाच टोचलं.

“राहू दे रे.”

तिने वायर नीट गुंडाळली. लहानपणी आईने जेवायला हाक मारली की गुंडाळायची, अगदी तशीच. तेव्हा निदान खेळून तरी झालेलं असायचं.